मी हाक दिली नाही

मातारेवा,
हिवाळ्याच्या अखेरीस

प्रिय एरेना,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पावाचं पीठ मळत होते. हात बरबटलेले, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता आणि तुझं निम्मं बोलणं खांद्यातच गेलं. तू हवेची चौकशी केलीस, माझ्या गुडघ्याची केलीस. ब्रिस्बेनच्या वृद्धाश्रमातल्या तुझ्या म्हाताऱ्यांपैकी कोण गेलं, कोण अजून नर्सला शिव्या घालतंय, ते सांगितलंस. मग पुन्हा माझ्या गुडघ्यावर आलीस. शेवटी "बरं ताई, ठेवते" म्हणालीस आणि ठेवलास. एवढ्या लांबून, इतक्या महिन्यांनी, कुणी गुडघ्यासाठी फोन करत नाही. तुला सांगायचं होतं ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. फोनवर आपल्या दोघींचं कधी जमलंच नाही, म्हणून लिहायला बसले आहे. भर दुपार आहे, दक्षिणेचा बोचरा वारा सुटलाय, चुलीवर किटली आहे. कुणी मध्येच येऊन बसेल अशी भीती नाही, कारण हल्ली अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही.

ते का बोलत नाही, हे तुला तिकडे एका बाजूनं कळलं असणार. आता माझ्याकडून ऐक.

ते जहाज आलं उन्हाळ्याच्या शेवटी. लाल, बोजड, आणि मागे पार नजर पोचणार नाही इतक्या लांब तारा ओढत जाणारं. समुद्राच्या तळाखाली तेल आहे का, हे बघणारं जहाज. पाण्यात हवेच्या तोफा उडवतात, तो आवाज तळ फोडून खाली जातो आणि परत येतो, आणि त्यावरून यांना खालचं कळतं म्हणे. किनाऱ्यावर काहीच ऐकू येत नव्हतं. गावातल्या लोकांना वाटलं, जाऊ दे, आपलं काय घेतंय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एके सकाळी मी पाओराच्या बायकोला, मेरेआनाला, घेऊन बाबांची जुनी होडी बाहेर काढली. समुद्रात घुसलेल्या आपल्या कड्याच्या टोकापलीकडे गेल्यावर इंजिन बंद केलं आणि आपण लहानपणी करायचो तशी होडीच्या तळाशी आडवी झाले, कान फळीला लावला. मेरेआना हसायला लागली. म्हणाली, "या वयात आडवी झालीस, तर उठवणार कोण तुला?" मी तिलाही ओढून खाली घेतलं. मग ती हसायची थांबली.

दण. थोडं थांबून पुन्हा दण. कुणीतरी घराच्या दारावर लाथा घालतंय आणि घरातली माणसं श्वास रोखून बसली आहेत, तसं. त्या दोन दणक्यांच्या मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. मासा खसफसत नव्हता. एरवी कोळंबीचा तो तडतड आवाज असतो ना, कढईत तेल तापल्यासारखा, तोसुद्धा नव्हता. मेरेआनानं स्वतःच उठून इंजिन चालू केलं.

तुला बाबांबरोबरचे ते हिवाळे आठवत असतील. देवमासे उत्तरेकडे निघायचे, बाबा इंजिन बंद करायचे आणि आपण दोघी त्या ओल्या, माशाच्या वासाच्या फळ्यांवर गाल टेकवून पडायचो. आधी नुसती कुरकुर यायची, दाराच्या बिजागरीसारखी. मग ते लांब, वर चढत जाणारं रडणं, आणि मग ते खाली यायचं, खाली, आणखी खाली, इतकं की कानाला संपायचं पण बरगड्यांना कळत राहायचं. मी ऐकायचे. तू मात्र गप्प राहायची नाहीस, लगेच त्यांच्या मागोमाग गायला लागायचीस. बाबा म्हणायचे, हिला पाण्यात टाकली तर बरोबर घेऊन जातील ते. पिरिहिरा मावशीनं तुला एकदा तसं गाताना ऐकलं आणि तिनं बाबांना विचारलं, "ही धाकटी ना?" बाबा हो म्हणाले. मावशी नुसती मान हलवून निघून गेली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन, पण तिच्या चेहऱ्यावरची हळहळ मला स्वच्छ दिसली होती. मराएवर, सभाघरासमोरच्या त्या पटांगणात, पाहुण्यांना आत बोलावणारी हाक द्यायची ती थोरलीनं. थोरली उभी असताना धाकटीनं तोंड उघडायचं नाही. आवाज तुझ्याकडे आला आणि जन्म आधी माझा झाला, त्याला आपण दोघी काय करणार होतो?

मावशी मला टोकावर नेऊन उभी करायची, लाटांच्या समोर. म्हणायची, घशातनं नको, पोटातनं काढ, आणि शेवट तोडू नकोस, बुडू दे. देवमाशासारखा बुडू दे. पाहुणा मराएच्या फाटकाशी उभा असतो, तो एकटा नसतो, त्याच्या मागे त्याचे सगळे मेलेले उभे असतात, त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे आवाज. मी ओरडून ओरडून घसा फाडायचे. तू खाली वाळूत शिंपले वेचत बसलेली असायचीस, आणि माझं ते बेंगरूळ ओरडणं संपलं की हळूच, स्वतःशीच, तेच म्हणायचीस. बरोबर. पहिल्याच झटक्यात. मावशी तिकडे बघायचीच नाही. बघितलं असतं तर तिला काहीतरी करावं लागलं असतं.

तू ब्रिस्बेनला गेलीस तेव्हा पगाराचं कारण सांगितलंस. मी ते मान्य केलं. विमानतळावर दोघींनी हवेबद्दल बोलून वेळ काढला.

पण मावशीची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल, कारण ती तिनं मला अगदी शेवटी सांगितली. तिचे वडील देवमासे मारणाऱ्या होड्यांवर भालाईत होते. आपल्याच माणसांनी मारले, एरेना, हे काही लपवायचं नाही. चरबी उकळल्याचा वास तिच्या आईच्या केसांतून कधी गेलाच नाही म्हणायची. मारून मारून एक हिवाळा असा आला की टोकावरून एकही पाठ दिसली नाही. पुढच्या हिवाळ्यात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. होड्या विकल्या गेल्या, भट्ट्या गंजल्या. मावशी तेव्हा नुकतीच हाक द्यायला लागली होती. दर वर्षी वेळ झाली की ती काळे कपडे घालून टोकावर जायची आणि रिकाम्या समुद्राला हाक द्यायची. गावातले पुरुष खालून ओरडायचे, कुणाला बोलावतेस गं, तुझ्या बापानं तर सगळे संपवले! ती वरून उत्तर द्यायची, "संपवले त्यानं. बोलावणार मी." तिची मुलं मोठी झाली तरी समुद्र रिकामाच. आणि मग एका वर्षी, आपल्या दोघींच्या जन्मानंतरची गोष्ट ही, एक आला. एकटाच. टोकाच्या अगदी जवळून गेला. मावशी सांगत होती, तिच्या तोंडून हाक निघालीच नाही त्या दिवशी, नुसती हुंदके देत उभी राहिली. आपण बाबांच्या होडीत ज्यांना ऐकलं ते त्याच्या मागून आलेले.

आता या वर्षाचं. जहाज गेलं, शरद ऋतू लागला, आणि टोकाच्या दक्षिणेला, ओढा समुद्राला मिळतो तिथे, एक देवमासा वाळूवर आला. लहान होता, अजून आईमागे फिरण्याचं वय. सकाळी कळलं आणि सगळं गाव धावलं. चादरी ओल्या करून अंगावर घातल्या, बादल्यांची रांग लावली, शाळा सोडून दिली. पाओरानं गावाच्या जमिनीच्या ट्रस्टचा खोदायचा यंत्रगाडा आणून त्याच्याभोवती चर खणला, म्हणजे पाणी राहील. भरती आली, पुरुषांनी गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्याला तोंड फिरवून दिलं, आणि तो पुन्हा वळून वाळूकडेच आला. पुन्हा फिरवला, पुन्हा आला. मेरेआना म्हणाली, "हा कुणाला तरी घाबरलाय गं." त्याचा श्वास ऐकवत नव्हता. मी त्याच्या डोळ्यापाशी बसून होते. उन्हं कलायच्या आत तो गेला.

सरकारी माणूस आला, मापं घेतली, म्हणाला, कशानं मेला ते सांगता यायचं नाही. मी म्हटलं, मी विचारलंच नाही तुम्हाला. आणि हे मी तुलाही सांगते, कारण माझ्या नावावर नसती वाक्यं फिरताहेत: जहाजानं त्याला मारलं असं मी कधी कुठे म्हटलेलं नाही. मला माहीत नाही. मला फक्त होडीच्या फळीतून ऐकलेलं माहीत आहे.

जबड्याचं हाड तेवढं कोरून ठेवायला काढून घेतलं आणि त्याला आम्ही माणसासारखं पुरलं. मी पुढे झाले आणि हाक दिली. मयत मराएवर आणताना देतात तशी. ये, खोल पाण्याच्या लेकरा, ये. तुझ्या मागचे सगळे तुझ्याबरोबर घेऊन ये. ज्यांना आम्ही मारलं त्यांनाही आण, आमचे मेलेले त्यांना तोंड दाखवायला उभे आहेत. हे शेवटचं मी आधी ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि आलं तेव्हा माझा आवाज फुटला, आणि फुटला तसाच मी तो पुढे नेला. मागे वळून पाहिलं तर पाओरा यंत्रगाड्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. म्हणून त्याच्याबद्दल वाईट लिहिताना माझा हात जरा अडखळतो. आपला चुलत भाऊ तो, त्याच्या मनात खोट नाही. त्याची दोन्ही मुलं पर्थच्या खाणीत आहेत. ती परत यावीत, इथे काम मिळावं, मराएवरच्या जेवणघराचं छप्पर नवं व्हावं, एवढंच त्याला हवं आहे. त्या जहाजाच्या कंपनीनं ते सगळं देऊ केलं. त्या बदल्यात तिनं काय मागितलं? काही नाही. फक्त मराएवर एकदा रीतसर स्वागत व्हावं, नाकाला नाक लावून भेटावं, बरोबर बसून जेवावं. आणि फोटो. पुढच्या उन्हाळ्यात जहाज परत येणार, त्याआधी इथल्या लोकांनी आम्हाला आपलं म्हटलं, असं त्यांना लिहायचं होतं. हे मी मनाचं सांगत नाही, पाओरानंच सभेत वाचून दाखवलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो शिंपल्यांची पोती उतरवत होता. मी म्हटलं, पाओरा, मी यांना हाक देणार नाही. तो म्हणाला, "तुझं दुखणं मनाचं आहे, हुरिया. छप्पर मात्र खरंखुरं गळतंय." मी म्हटलं, बादली ठेव. त्याला वाटलं चेष्टा करते आहे. ऐनवेळी पाहुणे दारात दिसले की बाईच्या तोंडून हाक निघाल्याशिवाय राहत नाही, असा त्याचा हिशेब होता. आणि खरं सांगू, तो हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

घरी बसून राहता आलं असतं. पण मग त्यानं कुणालाही उभं केलं असतं, त्याच्या सुनेला, नाहीतर शाळेतल्या एखाद्या पोरीला. म्हणून मी गेले. काळे कपडे घातले, डोक्यावर हिरव्या पानांची वेणी बांधली आणि सभाघराच्या पडवीसमोर माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. मी तिथे उभी असताना दुसरीला तोंड उघडता येत नाही. पुरिरी झाडाखाली आपले वक्ते बाकावर बसलेले, हातात कोरीव काठ्या, तासन्‌तास बोलायला तयार. फाटकाशी पांढऱ्या गाड्यांतून माणसं उतरली, नवे रेनकोट घातलेली. भुरभुर पाऊस होता. त्यांनी आपल्या बाजूनं उत्तर द्यायला शहरातून एक मुलगी आणली होती, पंचविशीची असेल, हातात हिरवी पानं, चेहरा पांढराफटक. ती पुढे येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी तोंड उघडलं नाही.

तुला कल्पना आहे त्या शांततेची? ध्वजाची दोरी खांबावर आपटत होती, तेवढीच. पाहुण्यांनी आधी पाय जुळवले, मग छत्र्या सारख्या केल्या, मग एकमेकांकडे पाहिलं. माझ्या पोटात हाक तयार होती, एरेना. सवयच ती, इतक्या वर्षांची. माणसं दारात भिजत उभी आहेत आणि मी त्यांना आत घेत नाही, याची मला शरम वाटत होती. आपल्याला दुसरं काय शिकवलंय? आल्यागेल्याला आत घ्या, खाऊ घाला. मी दात दाबून धरले. मागून पाओरा दबक्या आवाजात म्हणाला, "हुरिया, लोक उभे आहेत."

मी म्हटलं, "मीही उभीच आहे."

"तू आपल्याला जगात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस."

"मग बाईच्या या जागेवर येऊन तू हाक दे, पाओरा. दे. बघू निघते का."

वक्त्यांपैकी एकही उठला नाही. बाईची हाक झाल्याशिवाय उठून करणार काय होते? गावातले सगळे मोठे आवाज त्या बाकावर बसले होते आणि सगळे माझ्या एका आवाजासाठी खोळंबले होते. पावसानं जोर धरला. शेवटी त्या मुलीनं मान खाली घातली, पानं फाटकाच्या पायाशी ठेवली आणि पाठ फिरवली. तिच्या मागोमाग बाकीचे फिरले.

उपाशी मात्र कुणी गेलं नाही. ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. मेरेआनानं आणि मी रताळी, डुकराचं मांस, शिंपले आणि तळलेला पाव डब्यांत भरून ठेवला होता, तो मेरेआनानं प्रत्येक गाडीच्या खिडकीतून आत दिला. आत घेतलं नाही, पण रिकाम्या पोटीही लावलं नाही. ती मुलगी डबा घ्यायला गाडीतून उतरली आणि फाटकाच्या बाहेरच थांबली; मी तिच्यापाशी गेले. तिनं नाकाला नाक लावलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही हाक दिली असती तर उत्तर काय द्यावं हे मला कळत नव्हतं." मी तिला पुन्हा कधीतरी स्वतःची म्हणून ये म्हटलं.

नंतर सभा झाली. मी एकटीनं सगळ्यांचं दार लावून घेतलं, असं पाओरा म्हणाला. मी म्हटलं, हो, मी एकटीनं. कुणी म्हणालं, म्हातारी चळली. कुणी म्हणालं, हिला मिरवायचं होतं. वडीलधाऱ्यांपैकी एकानं मला बसून घे म्हटलं, तर मी म्हटलं, बसून बोलण्याची सवय नाही मला. हसले काही जण. दुकानात आता माझ्यासमोर बोलणं थांबतं. मी मुद्दाम रोज जाते दुकानात. काही लागत नसलं तरी काडेपेटी घेऊन येते.

आणि या हिवाळ्यात देवमासे आले, बरं का. थोडे आले, फार बाहेरून गेले, पण आले. मी टोकावर जाऊन हाक दिली. मेरेआना बरोबर होती, आणखीही काही बायका होत्या, ज्या दिवसाढवळ्या माझ्या घरी येत नाहीत पण टोकावर येतात. होडीही काढली. फळीला कान लावला. गात होते. यंदाचं गाणं वेगळं आहे, गेल्या वर्षीचं नाही. एक नवा तुकडा आहे त्यात, तीनदा वर जातो आणि मध्येच थबकतो. तू असतीस तर लगेच म्हणून दाखवला असतास.

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मेरेआनानं मला सगळं सांगितलं आहे. नवऱ्याचं घर आणि माझी मैत्री यांत तिची ओढाताण होते आहे, तिला दोष देऊ नकोस. वसंतातल्या पहिल्या शनिवारी कंपनी पुन्हा येणार आहे, पाओरानं तुला विमानाचं तिकीट पाठवलं आहे, हाक तू द्यायची आहेस, आणि तू हो म्हणाली आहेस. फोनवर तुझ्या ओठांवर आलं होतं ते हेच ना? तू का हो म्हणालीस ते मला ठाऊक आहे, आणि ते छपरासाठी नाही. जन्मभर जी जागा तुला कुणी दिली नाही, ती त्यांनी देऊ केली. त्यांनी नेमकं ओळखलं. मी थोरली आहे, मी जिवंत आहे आणि माझ्या परवानगीशिवाय तुला तिथे उभं राहता येत नाही. पाओरा सगळ्यांना मी आजारी असल्याचं सांगणार आहे. मी ठणठणीत आहे. म्हणून ऐक, आणि हे पत्र हवं तर सगळ्यांसमोर वाच: मी, हुरिया, तुझी थोरली बहीण, तुला परवानगी देते. त्या दिवसापुरती नाही, कायमची. चोरून उभी राहू नकोस, मान ताठ ठेवून उभी राहा, ती जागा आता तुझी आहे. मी त्या दिवशी आत नसेन. आम्ही पुरलेल्या त्या देवमाशाच्या पोराचं जबड्याचं हाड पलीकडच्या खोऱ्यातल्या कोरीवकाम करणाऱ्याकडे होतं, ते त्याच दिवशी घरी आणायचं मी ठरवलं आहे. मयत घेऊन येणारी आपलीच माणसं असली तरी बाहेरूनच येतात आणि ती आली की बाकीचे पाहुणे मागे थांबतात, हे कंपनीला पाओरा समजावेल. गाड्या यायच्या आधीच मी आणि टोकावर येणाऱ्या सगळ्या बायका काळ्या कपड्यांत फाटकाशी उभ्या असू. पहिली हाक तुला आमच्यासाठी द्यावी लागेल, आणि उत्तर मी देईन, त्यात त्या पोराचं नाव असेल, जहाजाचं असेल, आपल्या माणसांच्या भाल्यांचंही असेल. शोक किती वेळ चालवायचा ते आम्ही ठरवू. तो संपल्यावर मागे उभ्या असलेल्यांना आत घ्यायचं की नाही, हे मी तुला सांगणार नाही. तो श्वास तुझा. फक्त फाटकाबाहेरून माझा आवाज आला की दचकून तुझी हाक तुटायला नको, म्हणून आधी कळवलं.

तुझीच,
ताई